पस्तीस दिवसांची अमानत

२१ जुलै २०२५ ची रात्र. वाकोल्यात पावसाची रिपरिप चालू होती. इशाची नमाज आटोपून आम्ही चार-सहा मंडळी नेहमीच्या चहाच्या हॉटेलात बसलो होतो, तोच समोरच्या टीव्हीवर बातमी झळकली. उपराष्ट्रपती जगदीप धनखड यांनी राजीनामा दिला होता. कारण प्रकृतीचे सांगितले होते. मुदत संपायला दोन वर्षे बाकी होती.

आमच्या टेबलावर कॉलेजात शिकणारा एक मुलगा होता. त्याने सहज विचारले, "चाचा, आता राष्ट्रपतींना काही झालं तर त्यांच्या खुर्चीवर कोण बसणार?"

चाचा म्हणजे बेस्टमधून निवृत्त झालेले कंडक्टर. वस्तीतले चालतेबोलते दफ्तर. त्यांनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, "कोण बसणार म्हणजे? आपले हिदायतुल्ला नव्हते का बसले? बँका सरकारी झाल्या ना, त्या कागदावर सही त्यांचीच."

दुसरा म्हणाला, "नाही चाचा, तेव्हा झाकीर हुसेन राष्ट्रपती होते." तिसऱ्याने गिरींचे नाव घेतले. आणखी एकाने लोकसभेच्या अध्यक्षांचा दाखला दिला. शेवटी सगळे आमच्याकडे पाहू लागले. आम्ही इतिहासावर चार अक्षरे लिहितो, हे त्यांना ठाऊक. पण खरे सांगायचे तर त्या क्षणी आम्हालाही नीट क्रम सांगता आला नाही. झाकीर हुसेन, गिरी, हिदायतुल्ला, बँका, काँग्रेसची फूट, सगळे डोक्यात एकमेकांत मिसळले होते. पुढच्या आठवड्यात आम्ही कलिनाच्या विद्यापीठातील जवाहरलाल नेहरू ग्रंथालयाची वाट धरली. वाकोल्याहून ती काही लांब नाही. तिथे बसून जे जुळवता आले ते या पानांवर वाचकांपुढे ठेवत आहोत.

खुर्ची रिकामी होते तेव्हा

डॉ. झाकीर हुसेन यांचे ३ मे १९६९ रोजी राष्ट्रपतिपदावर असतानाच निधन झाले. पदावर असताना मरण पावलेले ते भारताचे पहिले राष्ट्रपती. दोनच वर्षांपूर्वी ते निवडून आले होते. समोर देशाचे माजी सरन्यायाधीश कोका सुब्बाराव उभे होते. मुसलमान माणूस या पदावर चालेल काय, अशी कुजबुज त्या वेळी झालीच. निकाल लागला तेव्हा झाकीर हुसेन यांना ४,७१,२४४ आणि सुब्बाराव यांना ३,६३,९७१ मूल्याची मते मिळाली. जामियात आयुष्य वेचलेल्या या शिक्षकाला जामियाच्याच आवारात दफन केले गेले.

घटनेच्या कलम ६५ प्रमाणे राष्ट्रपतींची जागा रिकामी झाली की उपराष्ट्रपती त्यांचे काम पाहू लागतात. कलम ६२ सांगते की नव्या राष्ट्रपतींची निवडणूक सहा महिन्यांच्या आत झाली पाहिजे. त्यानुसार उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी त्याच दिवशी कार्यभार घेतला. गिरी हे जुने कामगार पुढारी. केंद्रात मंत्री होते, उत्तर प्रदेश, केरळ आणि म्हैसूरचे राज्यपाल होते.

पण घटनाकारांनी एक गोष्ट संसदेवर सोडली होती. राष्ट्रपती नाहीत आणि उपराष्ट्रपतीही नाहीत, असे झाले तर काय? कलम ७० म्हणते की अशा प्रसंगासाठी संसदेने तरतूद करावी. घटना लागू होऊन एकोणीस वर्षे झाली तरी ती तरतूद झालेली नव्हती. झाकीर हुसेन गेले आणि पंचविसाव्या दिवशी, २८ मे १९६९ रोजी, ती झाली. राष्ट्रपतींचे कार्यपालन अधिनियम या छोट्याशा कायद्याने ठरवले की दोन्ही जागा रिकाम्या असतील तर सरन्यायाधीश राष्ट्रपतींचे काम पाहतील, आणि तेही नसतील तर सर्वोच्च न्यायालयातील सर्वांत ज्येष्ठ न्यायाधीश. लोकसभेचे अध्यक्ष या साखळीत कुठेच नाहीत. हॉटेलातल्या त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर हे.

आता गंमत पाहा. या कायद्याला संमती देणारे कार्यवाहक राष्ट्रपती होते गिरी. म्हणजे उद्या आपण खुर्ची सोडली तर ती कोणी सांभाळायची, याच्या व्यवस्थेला त्यांच्याच काळात आणि त्यांच्याच संमतीने कायद्याचे रूप आले. त्यांच्या मनात तेव्हा काय होते ते आम्ही सांगू शकत नाही. पण ही वाट बांधली गेली नसती तर पुढचा डाव खेळताच आला नसता.

बंगळूरचा डाव

राष्ट्रपती कोण, याला त्या वर्षी एवढे महत्त्व का आले? १९६७ च्या निवडणुकीत काँग्रेसला लोकसभेच्या ५२० पैकी २८३ जागा मिळाल्या. बहुमत काठावरचे होते. पक्षात पंतप्रधान इंदिरा गांधी एका बाजूला आणि जुने मुरब्बी पुढारी दुसऱ्या बाजूला. या दुसऱ्या गटाला वर्तमानपत्रे सिंडिकेट म्हणत. निजलिंगप्पा, कामराज आणि आपल्या मुंबईचे स. का. पाटील त्यात होते. मोरारजी देसाईही त्यांच्या बाजूचे. पक्ष फुटला आणि कोणाचेच बहुमत उरले नाही, तर सरकार बनवायला कोणाला बोलवायचे हे ठरवणार राष्ट्रपती. म्हणून राष्ट्रपती भवनात आपला माणूस असावा असे दोन्ही बाजूंना वाटत होते.

१२ जुलै १९६९ रोजी बंगळूरला काँग्रेसच्या संसदीय मंडळाची बैठक झाली. इंदिरा गांधींनी जगजीवनराम यांचे नाव पुढे केले. फक्रुद्दीन अली अहमद त्यांच्या बाजूने होते. पण बहुमताने नीलम संजीव रेड्डी यांचे नाव ठरले. त्या बहुमतात गृहमंत्री यशवंतराव चव्हाणही होते. आपल्या महाराष्ट्राचा हा नेता त्या दिवशी सिंडिकेटबरोबर गेला आणि पुढे पक्ष फुटला तेव्हा इंदिरा गांधींबरोबर राहिला.

त्यानंतरच्या आठ दिवसांत घटना धावत सुटल्या. गिरींनी आपण अपक्ष म्हणून उभे राहणार असे जाहीर केले. १६ जुलैला पंतप्रधानांनी मोरारजींकडून अर्थखाते काढून घेतले. १९ जुलैला चौदा मोठ्या बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला. त्यावर सही कार्यवाहक राष्ट्रपती गिरी यांची. दुसऱ्या दिवशी, २० जुलैला, गिरींनी राजीनामा दिला.

इथे एक बारकावा नजरेतून सुटतो. निवडणूक लढवायची म्हणून राजीनामा देणे गिरींना कायद्याने भागच होते असे नाही. लाभाचे पद धारण करणारा उमेदवार राष्ट्रपतिपदासाठी अपात्र ठरतो खरा, पण कलम ५८ च्या स्पष्टीकरणात राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, राज्यपाल आणि मंत्री यांना त्यातून वगळले आहे. तेव्हा राजीनामा हा संकेताचा आणि धोरणाचा भाग होता. राष्ट्रपतींच्या खुर्चीवर बसून त्याच खुर्चीसाठी मते मागणे लोकांना रुचले नसते. खुर्ची सोडून आलेला माणूस लोकांना वेगळा वाटतो. राजकारणात रिकामी केलेली जागा कधी कधी धरून ठेवलेल्या जागेपेक्षा जास्त उपयोगी पडते, हे त्या अनुभवी कामगार पुढाऱ्याला बरोबर माहीत होते.

नागपूरचा वकील राष्ट्रपती भवनात

२० जुलैला सरन्यायाधीश महंमद हिदायतुल्ला कार्यवाहक राष्ट्रपती झाले. त्याच रात्री माणूस चंद्रावर उतरत होता. वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर तिकडची बातमी मोठी.

हिदायतुल्ला आपल्याला परके नाहीत. रायपूरला शाळा, नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिक्षण, मग केंब्रिज. १९३० मध्ये नागपूरला वकिली सुरू केली. तिथल्या विधी महाविद्यालयात शिकवले. मध्य प्रांत आणि वऱ्हाडचे महाधिवक्ता झाले, १९४६ मध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायाधीश, १९५४ मध्ये मुख्य न्यायमूर्ती. भाषावार प्रांतरचनेत १९५६ साली नागपूर आपल्या बाजूला आले आणि ते जबलपूरला गेले. १९६८ मध्ये ते भारताचे सरन्यायाधीश झाले. या पदावर बसलेले ते पहिले मुसलमान. त्यांचे निधनही आपल्या मुंबईतच झाले, १८ सप्टेंबर १९९२ रोजी.

ते राष्ट्रपती भवनात बरोबर पस्तीस दिवस होते. त्या दिवसांत अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन दिल्लीला येऊन गेले. बँकांचा वटहुकूम कायद्यात बदलून संसदेने मंजूर केला आणि ९ ऑगस्टला त्याला हिदायतुल्लांनी संमती दिली. म्हणजे आमचे चाचाही खोटे नव्हते आणि गिरींचे नाव घेणाराही खोटा नव्हता. वटहुकुमावर सही गिरींची, कायद्यावर हिदायतुल्लांची.

या सहीचा पुढचा भाग आम्हाला अधिक मोलाचा वाटतो. बँकांच्या कायद्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. हिदायतुल्ला तोवर पुन्हा सरन्यायाधीशाच्या आसनावर आले होते. पण ज्या अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने हा खटला ऐकला त्यात ते नव्हते. पीठाचे नेतृत्व न्या. जे. सी. शाह यांनी केले आणि १० फेब्रुवारी १९७० रोजी तो कायदा रद्द ठरवला. ज्या कागदाला आपण संमती दिली त्याचा न्याय आपण करायचा नाही, ही मर्यादा आहे. आपल्याकडे यालाच अमानत सांभाळणे म्हणतात. जे सोपवले ते जपायचे, वेळ आली की परत करायचे, आणि परत केल्यावर त्यावर हक्क सांगायचा नाही.

तेरा खासदारांचे अंतर

निवडणूक १६ ऑगस्टला होती. तिसरे मोठे उमेदवार होते महाडजवळच्या नाते गावचे चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये अर्थमंत्रिपद सोडणारे. जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाने त्यांना उभे केले होते. निजलिंगप्पा या दोन पक्षांच्या नेत्यांना भेटले आणि त्यांची दुसऱ्या पसंतीची मते रेड्डींसाठी मागितली. इंदिरा गांधींच्या गटाला हेच हवे होते. जगजीवनराम आणि फक्रुद्दीन अली अहमद यांनी पक्षाध्यक्षांना जाब विचारला. खुद्द पंतप्रधानांनी रेड्डींसाठी पक्षादेश काढायचे नाकारले. सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मतदान करा, असे आवाहन झाले.

२० ऑगस्टला मोजणी झाली. पहिल्या पसंतीत गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८ आणि देशमुख १,१२,७६९. कोणालाच आवश्यक ४,१८,१६९ गाठता आले नाहीत. मग खालचे उमेदवार एकेक करून बाद झाले आणि त्यांची दुसरी पसंती वाटली गेली. त्यातून रेड्डींना ९१ हजारांहून अधिक मते मिळाली, गिरींना जेमतेम साडेअठरा हजार. तरीही शेवटी गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७. अंतर १४,६५०. त्या वेळी एका खासदाराच्या मताचे मूल्य ५७६ होते. आम्ही कागदावर हिशेब केला. गिरींच्या बाजूचे तेरा खासदार इकडून तिकडे गेले असते तर देशाचा राष्ट्रपती बदलला असता. २४ ऑगस्टला गिरींनी शपथ घेतली. नोव्हेंबरमध्ये काँग्रेस फुटली.

दुसऱ्या खुर्चीची गोष्ट

या धामधुमीत उपराष्ट्रपतींची जागाही रिकामीच होती, हे फारसे कोणी आठवत नाही. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत खासदारांबरोबर राज्यांचे आमदारही मत देतात. उपराष्ट्रपती मात्र फक्त संसदेचे सदस्य निवडतात. राज्यांत कोणाचेही राज्य असो, दिल्लीत ज्याच्या हाती संसद त्याच्या हाती ही खुर्ची. आणि ती किती दिवसांत भरायची याला घटनेने मुदत घातलेली नाही. कलम ६८ फक्त शक्य तितक्या लवकर एवढेच म्हणते. १९६९ मध्ये गोपाल स्वरूप पाठक ३१ ऑगस्टला या पदावर आले.

तोवर राज्यसभा कोण चालवत होते? मुंबईच्या वकील व्हायोलेट आल्वा. त्या १९६२ पासून उपसभापती होत्या. उपराष्ट्रपतिपदासाठी त्यांना पंतप्रधानांचा पाठिंबा मिळाला नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांनी उपसभापतिपद सोडले आणि काही दिवसांतच त्यांचे निधन झाले. त्यांच्या सूनबाई मार्गारेट आल्वा २०२२ मध्ये विरोधी पक्षांतर्फे उपराष्ट्रपतिपदासाठी उभ्या राहिल्या आणि जगदीप धनखड यांच्याकडून हरल्या. ज्या राजीनाम्याच्या बातमीने आमचा चहा थंड झाला, त्या राजीनाम्याचे धागे असे मागे जातात. वाकोल्यात आमच्या शेजारी ख्रिस्ती बांधव पिढ्यान्‌पिढ्या राहतात. जागा रिकामी असताना काम करायचे आणि भरताना बाजूला राहायचे, हा अनुभव आपल्या एकट्या समाजाचा नाही.

दिल्लीला येऊन गेलेल्या त्या निक्सन यांच्या देशातही रिकाम्या जागेचा असाच घोळ होता. १९६३ मध्ये केनेडींचा खून झाल्यावर उपाध्यक्षाची खुर्ची वर्षाहून अधिक काळ रिकामी राहिली. १९६७ मध्ये घटनादुरुस्ती झाली. अध्यक्षाने नाव सुचवावे आणि संसदेच्या दोन्ही सभागृहांनी मान्य करावे असे ठरले. १९७३ मध्ये उपाध्यक्ष ॲग्न्यू गेले, फोर्ड आले. १९७४ मध्ये निक्सन गेले, फोर्ड अध्यक्ष झाले आणि त्यांनी रॉकफेलर यांना उपाध्यक्ष नेमले. त्या देशात दोन्ही सर्वोच्च खुर्च्यांवर, त्या पदांसाठी जनतेने निवडून न दिलेली माणसे बसली होती. त्यामानाने आपला कायदा बरा. खुर्ची तात्पुरती ज्याच्याकडे जाते त्याला तो मुक्काम करू देत नाही.

२०२५ मध्येही साखळी अशीच हलली. त्रेपन्न दिवस जागा रिकामी राहिली. ९ सप्टेंबरला सी. पी. राधाकृष्णन ४५२ विरुद्ध ३०० मतांनी निवडून आले. ते होते महाराष्ट्राचे राज्यपाल. म्हणजे दिल्लीची खुर्ची भरली आणि मुंबईची रिकामी झाली. मग गुजरातचे राज्यपाल आचार्य देवव्रत यांच्याकडे इथला अतिरिक्त कार्यभार आला.

आपला माणूस म्हणजे काय?

आता मूळ मुद्द्यावर येतो. हॉटेलात चाचा जेव्हा 'आपले हिदायतुल्ला' म्हणाले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर एक समाधान होते. ते आम्हाला कळते. ज्या समाजाला आपण या देशाचे आहोत हे पुन्हा पुन्हा सिद्ध करायला लावले जाते, तो अशी नावे जपून ठेवतो. झाकीर हुसेन, हिदायतुल्ला, फक्रुद्दीन अली अहमद, अब्दुल कलाम, हमीद अन्सारी. ही नावे आमच्याही मनात आहेत.

पण इतिहास फक्त नावे मोजून थांबत नाही. हिदायतुल्लांनी २४ ऑगस्टला खुर्ची परत केली आणि महिन्याच्या आत, सप्टेंबर १९६९ मध्ये, अहमदाबाद पेटले. १९७० च्या मे महिन्यात भिवंडी आणि जळगाव. तेव्हा देशाचे सरन्यायाधीश मुसलमान होते. वरच्या खुर्चीवर कोणाचे नाव आहे, त्याने खालच्या गल्लीतले घर वाचत नाही. ते वाचते पोलीस ठाण्यातल्या नोंदीने, वेळेवर आलेल्या मदतीने, मतदार यादीतल्या नावाने आणि शेजाऱ्याने.

आणि फक्रुद्दीन अली अहमद? १९६९ च्या डावात ते पंतप्रधानांच्या जवळचे. १९७४ मध्ये राष्ट्रपती झाले. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणीचा कागद त्यांच्यापुढे आला आणि त्यांनी सही केली. ११ फेब्रुवारी १९७७ रोजी तेही पदावर असतानाच गेले. उपराष्ट्रपती बी. डी. जत्ती यांनी कारभार पाहिला आणि जुलैमध्ये, आठ वर्षांपूर्वी हरलेले तेच संजीव रेड्डी, बिनविरोध राष्ट्रपती झाले. हिदायतुल्लांना १९७९ मध्ये सर्वांनी मिळून उपराष्ट्रपती केले. १९८२ च्या ऑक्टोबरात राष्ट्रपती झैलसिंग उपचारासाठी परदेशी गेले तेव्हा त्यांनी पुन्हा पंचवीस दिवस ती खुर्ची सांभाळली आणि पुन्हा परत केली.

दोघेही मुसलमान. दोघांच्याही हाती तीच लेखणी आली. एकाने तिची मर्यादा ओळखली, दुसऱ्याने समोर आलेल्या कागदावर ती चालवली. माणूस आपला की परका, हे नावावरून ठरवायचे की सहीवरून? आमचे उत्तर सहीवरून असे आहे. आणि हा नियम आपण आपल्यांना लावला तरच दुसऱ्यांना लावायचा हक्क आपल्याला राहतो.

हे सगळे आम्ही परवा हॉटेलात सांगितले. तो कॉलेजातला मुलगा मोबाइलवर कलमांचे आकडे टिपून घेत होता. चाचांनी शांतपणे ऐकले.

"म्हणजे बँकांच्या कागदावर दोघांच्या सह्या," ते म्हणाले.

"हो."

"आणि आणीबाणीच्या कागदावर आपल्या माणसाची."

"हो, चाचा."

ते थोडा वेळ बाहेरच्या रस्त्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "लिहिणार असाल तर तेही लिहा. नुसतं पहिलं लिहू नका."